रक्त निवडायचे दिवस

माझ्या पाठची तीन लेकरं गेली आणि मी राहिले. आमच्या वस्तीत नव्या माणसाला माझी ओळख अशीच करून दिली जायची. मास्तरची पोरगी, हिच्या पाठीवर लेकरू जगत नाही. माझे मार्क, माझं भांडकुदळ तोंड, हे सगळं त्याच्यानंतर. माझी पाठ जणू माझी नव्हतीच, गावच्या चावडीसारखी सगळ्यांची होती. कुणीही यावं आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलून जावं.

पवनारच्या अलीकडे, धाम नदीच्या अंगाला आमची वस्ती होती. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. घरात बाबा, माय, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती.

पाठच्या तिघांपैकी पहिलीला मी पाहिलेलं आहे. बहीण होती. जन्मली तेव्हा आत्या म्हणाली, पोरगी गोरी निघाली. दुसऱ्या दिवशी कळलं की गोरी नाही, पिवळी आहे. मग ती धनुष्यासारखी मागे वाकायची आणि असा आवाज काढायची की मी कानात बोटं घालून गोठ्यात जाऊन बसायचे. ती आठवडाभरसुद्धा राहिली नाही. तिच्यानंतरचा भाऊ सगळं अंग सुजलेला, मेलेलाच जन्मला. त्याच्यानंतरचं पोटातच गेलं, ते मुलगा होतं की मुलगी हे मला कुणी सांगितलं नाही. या दोघांना मी पाहिलं नव्हतं म्हणून मी त्यांना मनानंच बनवलं. शाळेत जाताना ती माझ्यामागे ओळीनं चालतात असं मला वाटायचं. मागे वळून पाहायची हिंमत व्हायची नाही, आणि पळायचीही नाही, कारण धाकटं मागे पडेल. हसू नका. मी तेव्हा चौथीत होते.

लोकांकडे याचं कारण तयार होतं. छप्पन साली आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी आल्या आल्या देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून धाम नदीत सोडले. टोपलीचा एक कान आजोबांच्या हातात होता, दुसरा आत्याच्या. म्हणून गावातल्या बाया म्हणायच्या, नदीतले देव मास्तरच्या घरी लेकरं मागून राह्यले. गावातल्या बायांचं सोडा, आमच्या वस्तीतल्याही काही जणी, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात बसणाऱ्या, दबक्या आवाजात हेच बोलायच्या. आत्या तर बोलायचीसुद्धा नाही. ती नदीवर धुणं धुवायला जायची बंद झाली होती, एवढंच.

बाबांना हे ऐकलं की तिडीक उठायची. माणसानं कारण शोधावं, देव शोधू नये, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण कारण त्यांनाही सापडत नव्हतं. आणि कारण नसलेला मास्तर फार वाईट दिसतो. तिसऱ्या वेळेनंतर ते कुणाशी वाद घालेनासे झाले.

मी नववीत होते तेव्हा मायला पुन्हा दिवस गेले. या वेळी शाळेतल्या एका शिक्षकानं बाबांना वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या होत्या. मराठी समजायचं, बोलायच्या मात्र हिंदी. त्यांनी मायचं रक्त तपासलं, बाबांचं तपासलं, माझंही तपासलं. मग आम्हा तिघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

बाबांच्या रक्तात एक गोष्ट आहे जी मायच्या रक्तात नाही. मी बाबांवर गेले, म्हणून ती माझ्याही रक्तात आहे. मी जन्मले त्या वेळी माझं थोडं रक्त मायच्या रक्तात मिसळलं. तिच्या शरीराला वाटलं, परका शिरला. त्यानं पहारा उभा केला. मी तोवर बाहेर आले होते, वाचले. पण पहारा उठलाच नाही. पुढचं जे जे लेकरू बाबांचं रक्त घेऊन पोटात आलं, त्याचं रक्त त्या पहाऱ्यानं फोडलं. बाई म्हणाल्या, यात आईचा दोष नाही, पोरीचा नाही, कुणाचाच नाही. आता पहिल्या बाळंतपणानंतर लगेच द्यायचं इंजेक्शन निघालं आहे, मग पहारा उभाच राहत नाही. माझ्या वेळी कुठलं इंजेक्शन? मी मायच्या माहेरी, दाईच्या हातावर झाले.

उपाय एकच होता आणि तोही नवाच. मायचं रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं, कारण तो पहारा त्या पाण्यात असतो, आणि लाल भाग पुन्हा मायच्या अंगात सोडायचा. पोटातलं लेकरू बाहेर काढण्याइतकं मोठं होईपर्यंत हे करत राहायचं. दर आठवड्याला यायचं. बाई दोनदा बजावून म्हणाल्या की मधे सोडायचं नाही. सोडलं तर ते पहिल्यापेक्षा जोरानं उसळून येतं आणि मग लेकरू हातचं जातं.

परत येताना बसमध्ये बाबा रडत होते. इतक्या वर्षांनी त्यांना कारण मिळालं होतं.

आणि मग त्यांनी ते केलं जे आमच्या बाबांखेरीज जगात दुसरा कुणी करणार नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. रात्रीच्या अभ्यासवर्गाचा फळा तिथं होताच. लाल खडू घरून आणलेला. त्यांनी एक मोठा गोल काढला, ही आई. आत एक लहान गोल, ही आमची पोरगी. लहान गोलातून मोठ्या गोलात बाण काढला. मी पुढेच बसले होते आणि खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. फळ्यावर माझं चित्र होतं. बाबा घामाघूम होऊन सांगत होते की बघा, यात कुठं देव आहे? कुठं नदी आहे? सगळं रक्ताचं गणित आहे. बाया शांत बसून ऐकत होत्या. शेवटी मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “म्हंजे मास्तर, पोरीच्यानंच झालं म्हना की.”

बाबा म्हणाले, तसं नाही, शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं तर. पण तोवर माणसं उठून चप्पल शोधायला लागली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. आमच्या घरात दोघांनाही जागा नव्हती, तरी म्हण मात्र चपखल बसली.

त्या दिवसापासून नदीतले देव सुटले आणि मी अडकले. आधी माझी नुसती पाठ वाईट होती, आता माझं रक्त वाईट झालं. शेजारच्या घरी सून गरोदर होती. मी दारावरून गेले की सासू तिला आत ओढायची. मी काही गरीब गाय नव्हते. मी मुद्दाम त्यांच्या दारात जाऊन उभी राहायचे, विळी मागायला, विरजण मागायला, काहीच नसलं तर किती वाजले विचारायला. बाबांशी तर मी कडाक्याचं भांडले. म्हटलं, तुमच्या त्या गोलाले माह्यं नाव द्याची काय गरज होती? ते म्हणाले, खरं लपवू नये. त्यांना कळत होतं की काहीतरी बिघडलं, पण खरं बोलून बिघडू शकतं हे त्यांना पटत नव्हतं. माणूस भला होता. भल्या माणसाच्या हातून झालेल्या गोष्टीवर रागावताही येत नाही नीट, हा एक वेगळाच जाच असतो.

माय त्या दिवशी विहारात बायांच्या बाजूला बसली होती. तिनं सगळं ऐकलं. ती दोन यत्ता शिकलेली, पण मन लावून ऐकायची, आणि ऐकलेलं आपल्या पद्धतीनं लावून घ्यायची.

शनिवारी सकाळची शाळा असायची. म्हणून दवाखान्याचा वार शनिवार ठरला. शाळेतून मी परस्पर बसस्टॉपवर यायचे, तिथं माय उभी असायची. रक्त गाळायला जायचं असं बाई म्हणायच्या. माय म्हणायची, रक्त निवडायले जातो. डाळीतले खडे निवडतात तसं. आत्याला, कंडक्टरला, शेजारणीला, सगळ्यांना ती हेच सांगायची.

एक लांबट खोली होती. माय खाटेवर पडायची. एका हातातून रक्त पिशवीत यायचं. भरलेली पिशवी एका मोठ्या पिंपासारख्या यंत्रात ठेवून गरगर फिरवायचे. ते यंत्र बंद होत आलं की कण्हल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजाला मी घाबरायचे, मला गोठ्यातून ऐकलेला बहिणीचा आवाज आठवायचा. मग पिशवी काढली की खाली लाल आणि वर पिवळं, मधे स्वच्छ रेघ. ती पिशवी दोन फळ्यांमध्ये हळूहळू दाबली की पिवळं पाणी नळीतून दुसऱ्या पिशवीत जायचं. उरलेलं लाल, मिठाच्या पाण्यासोबत पुन्हा मायच्या अंगात. मग दुसरी पिशवी. दुपार त्यातच जायची. मायचे ओठ बधिर व्हायचे, हाताला मुंग्या यायच्या, मग तिला दूध प्यायला द्यायचे.

ते पिवळं पाणी घाण नसतं दिसायला. गोमूत्रासारखं, किंवा पातळ तेलासारखं. उन्हात धरलं तर चमकतं. मी त्याच्याकडे पाहत बसायचे. माझ्या बहिणीला, माझ्या भावाला आणि त्या तिसऱ्याला यानं खाल्लं, आणि हे माझ्यामुळे झालं. बाई काहीही म्हणोत, मला असंच वाटायचं. मी ते कुणाला सांगितलं नाही. तोंडानं मी सगळ्यांशी भांडत होते की माझा काय दोष, आणि आतून मला त्या म्हातारीचंच खरं वाटत होतं.

एकदा मायनं त्या पिशवीकडे बोट दाखवून बाईंना विचारलं, “बाई, याच्यात माह्या पोरीचं कोनतं व्हय?”

बाई हसल्या. म्हणाल्या, हे सगळं तुझंच आहे, पण पोरीमुळे बनलेलं आहे. मायनं विचारलं, याचं पुढं काय करता? बाई दुसऱ्या कामात होत्या. जाता जाता म्हणाल्या, “जला देते हैं.”

मायनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मी त्या नजरेचा एकच अर्थ लावला.

त्यानंतर तिला एक खोड लागली. दवाखान्यातून घरी आलं की पदर खोचायच्या आधी ती माझं कपाळ चाचपायची. तळहात उलटे करून पाहायची. अंगठ्यानं खालची पापणी ओढून डोळा बघायची. सकाळी वेणी घालताना पुन्हा तेच. बाजारात वांगं उलटून पालटून पाहावं तसं. मला किळस यायची. मला वाटायचं, ही शोधते आहे, माझ्यात ते कुठं आहे. एकदा मी तिचा हात झटकला आणि म्हटलं, काय पाहून राह्यली? मीच खाल्ले ना त्याईले? खाल्ले तं खाल्ले. मायनं पदर खोचला. मग विचारलं, जेवली का?

पण रक्त निवडणं चालू होतं आणि ते लागू पडत होतं. दर वेळी तपासणी झाली की बाई खूश दिसायच्या. पोटातलं लेकरू वाढत होतं. मायनं एकदा माझा हात नेऊन पोटावर ठेवला, आणि आतून लाथ बसली. इतकी जोरात की मी हात मागे घेतला. पहिल्यांदाच माझ्या मागे चालणाऱ्या ओळीत नसलेलं, माझ्या पुढ्यात असलेलं भावंड. त्याला मी मनानं बनवायची गरज नव्हती. आत्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला बसली. लेकरू व्हायच्या आधी असं काही शिवत नाहीत, पण तिला राहवलं नाही. बाई म्हणाल्या होत्या, अजून महिना-दीड महिना टिकवलं तर आपण जिंकलो.

फेब्रुवारीत जनगणना आली. मास्तर लोकांना ते काम लागतंच. बाबांना समुद्रपूरकडची गावं मिळाली, ते तिकडेच मुक्कामाला राहिले. जाताना मायला सांगून गेले, शनिवार चुकवू नको. आत्याला सांगून गेले, मला सांगून गेले. बसस्टॉपवरून परत फिरून पुन्हा एकदा सांगून गेले.

ते गेले आणि मला ताप भरला. अन्न पाहिलं की उलटी व्हायची. चौथ्या-पाचव्या दिवशी आत्यानं माझे डोळे पाहिले आणि म्हणाली, कावीळ. त्या दिवसांत आमच्या शाळेतल्या कितीतरी पोरापोरींना झाली होती. शाळेच्या विहिरीत कुठलं तरी घाण पाणी उतरत होतं, नंतर ती उपसली. पण त्या वेळी दुसऱ्याच्या घरची कावीळ कोण मोजतो? आमच्या घरात एकच पिवळं माणूस होतं.

बोरगाव मेघेला एक माणूस मंत्रानं कावीळ उतरवायचा. बाबा घरी असते तर आत्याची टाप नव्हती, पण ते नव्हते. आत्या मला रिक्षात घालून घेऊन गेली, माय सोबत आली. त्या माणसानं माझ्या हातांना चुना लावला, कोपरापर्यंत चोळला, काहीतरी पुटपुटला आणि पितळी परातीत हात धुवायला लावले. परातीतलं पाणी पिवळं झालं. आत्या हात जोडून म्हणाली, उतरून राह्यली. आत्ता मला माहीत आहे की कुणाचेही हात तसे धुतले तर पाणी पिवळं होतं, त्याच्या चुन्यातच काहीतरी मिसळलेलं असतं. पण माय त्या परातीकडे पाहत होती. ती एकदम खाली बसली. मला वाटलं पोटाचं ओझं झालं असेल. परतीच्या वाटेवर तिनं माझा हात सोडला नाही.

त्या शनिवारी ती दवाखान्यात गेली नाही. आत्याला म्हणाली, बाई सुट्टीवर गेल्या, पुढच्या शनिवारी बोलावलं आहे. पुढच्या शनिवारीही ती गेली नाही. आत्यानं विचारलं असेल, काय उत्तर दिलं ठाऊक नाही. मी खाटेवर होते आणि माय माझ्या उशाशी. उसाचा रस आणायची, ताक-भात भरवायची, ओल्या फडक्यानं अंग पुसायची. ते सगळं चाचपणं, पापण्या ओढणं चालूच होतं, पण आता हात मऊ होता. इतकी माय मला आधी कधी मिळाली नव्हती. माझ्या जन्मापासून ती एक तर पोटुशी होती नाहीतर सुतकात होती. कावीळ झाली त्या दिवसांत मी सुखात होते. हे लिहायला मला जड जातं, पण तसंच होतं. पोटातल्याची आठवण मला झाली नाही. माझ्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला त्या दिवशी मायनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि आत्याला म्हणाली की उद्या दवाखान्यात जातो.

गेली. पण उशीर झाला होता. दोन दिवसांपासून पोटात हालचाल कमी आहे हे तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी तपासलं आणि लगेच ठेवून घेतलं. बाबांना निरोप गेला, ते जनगणनेचे कागद कुणाच्या तरी हवाली करून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट फाडून लेकरू काढलं. मुलगा होता. सुजलेला, फिकट, पण जिवंत. बाईंनी त्याचं सगळं रक्त बदलायला घेतलं. दुपारपर्यंत तो होता.

मी त्याला पाहिलं. आत्यानं आणलेल्या त्या गोधडीत गुंडाळला होता. डोक्यावर दाट केस, बाबांसारखं बसकं नाक, आणि बोटांची नखं इतकी पूर्ण की जणू सगळं काम उरकून मगच आला होता. त्याला पाहिल्यापासून माझ्या मागे चालणारी ती ओळ थांबली. नंतर कधी कुणी माझ्यामागे चाललं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण मागचा रस्ता इतका रिकामा झाला की मी कित्येक दिवस वळून वळून पाहायचे.

बाई मायच्या खाटेशी आल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, दोन आठवडे का आली नाहीस? सगळं छान चाललं होतं. माय म्हणाली, बस चुकली. बाई म्हणाल्या, दोन्ही वेळा? मायनं अंगावरची चादर ओढून घेतली.

बाबांना बोरगावच्या माणसाचं कळलं आणि त्यांनी आपलं कारण शोधून काढलं. आत्यानंच हे केलं. हिनंच मायला दवाखाना सोडून अंगारे-धुपारे करायला लावले, कदाचित गिरडच्या टेकडीवर दर्ग्यालाही नेलं असेल. दवाखान्याच्या व्हरांड्यातच ते तिला नको नको ते बोलले. नदीत देव सोडून आली अन् डोक्यात ठेवून आली, असं म्हणाले. आत्या ऐकून घेत होती. मी दारातून आत मायकडे पाहिलं, की ही आता काहीतरी बोलेल. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. आत्या पुढं सासरच्या गावी निघून गेली आणि तिकडेच वारली. बाबा तिच्या मातीला गेले, पण बोलले नव्हते तिच्याशी.

त्यानंतर मायला दिवस गेले नाहीत. आणि तिनं माझं कपाळ कधी चाचपलं नाही. मला वाटलं, सुटले. मग वाटलं, तिला आता माझ्याकडे पाहायचंच नाही. तिनं दवाखाना का सोडला, याचं उत्तर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. आजारी पोरीला टाकून जाता आलं नाही तिला, झालं. एखादी आई थकते, तिला दोन लेकरांचं एका वेळी होत नाही. असं म्हणत मी बी.एस्सी. केलं, वर्ध्याला शाळेत लागले, पोरांना रक्त शिकवू लागले. रक्तगटाचा धडा आला की मी फळ्यावर गोल काढत नसे. नुसतं तोंडी सांगायचे आणि पुढच्या धड्यावर जायचे.

लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. नव्वद साल असावं. माझं रक्त बाबांसारखं, म्हणून मायचा तो धोका मला नव्हता; मुलगी झाली, ठणठणीत. माय रोज सकाळी न्हाणीत पाय पसरून बसायची, तिला पायांवर घेऊन तेल चोळायची. मी दारात पाटावर बसून पाहायचे. बाबा शाळेत गेलेले असायचे.

अशाच एका सकाळी, हात चालू ठेवून, माझ्याकडे न पाहता ती बोलायला लागली. म्हणाली, त्या बाई म्हणाल्या होत्या की ते पाणी जाळून टाकतात. ते तर तुझ्यापासून झालेलं. तुझं माझ्यात जेवढं काही उरलं होतं तेवढं तेच. पहिल्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून मी येऊन तुझं अंग पाहायचे, काही झालं तर नाही ना. काही दिसायचं नाही, म्हणून जात राहिले. मग तू पिवळी पडलीस. “तिकडं थे पिवळं पानी जाळून राह्यले होते, अन् इकडं तू पिवळी पडून राह्यलीस. बोरगावले परातीत पाह्यलं, तं तेच पानी. तसंच.”

बाळ हातपाय हलवत होतं.

“दोघं नाई पुरनार होते मले,” माय म्हणाली. “त्याले मी पाह्यलं नव्हतं. तुले पाह्यलं होतं.”

आत्याला सगळं ठाऊक होतं, असंही तिनं सांगितलं. मायनं तिच्या पायावर हात ठेवून तिला गप्प राहायला सांगितलं होतं. मास्तरले कळलं तर तो पोरीले कसा पाहील, एवढंच ती आत्याला म्हणाली होती. त्यावर आत्या आयुष्यभर गप्प राहिली.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. की ते पाणी तुझंच होतं ग, माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. की मला विहिरीची कावीळ झाली होती, अर्ध्या वर्गाला झाली होती, ती बरी होणारच होती. बोलाफुलाला गाठ पडली, बाकी काही नाही. की तो वाचला असता. मी बाबांची पोरगी. खरं लपवू नये हे मी आईच्या दुधासोबत नाही, बापाच्या खडूसोबत गिळलेलं. आणि इतक्या वर्षांचा माझा राग, तिच्या नजरेचा, त्या चाचपण्याचा, तो एका क्षणात पाणी झाला होता आणि त्याचं काय करावं मला कळत नव्हतं. मी मोठ्यानं रडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मायनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचे हात तेलानं माखलेले होते. तिनं विचारलं, “तू आता शिकलेली हायेस. सांग बरं. मी थांबली नसती, तं तू रायली असती का?”

“नाई,” मी म्हटलं. “नसती रायली.”

माय बरं म्हणाली, आणि बाळाला पालथं केलं.